लेसर त्यांचे, जळजळ आमची

गेल्या काही वर्षांत एक नवी जाहिरात महाड-पोलादपूरच्या घरांत शिरली आहे. ती भिंतीवर रंगवलेली नसते, की एसटीच्या पाठीवर चिकटवलेली नसते. मुंबईला राहणाऱ्या मुलीच्या किंवा पुण्याच्या सुनेच्या मोबाइलवरून ती गावातल्या मोबाइलवर येते. पन्नाशीची, केस रंगवलेली, गोरीपान, हसरी बाई, आणि खाली मजकूर साधारण असा: पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा पडला आहे का? जळजळ होते का? संबंधाच्या वेळी दुखते का? लेसरच्या तीन बैठका घ्या. कापाकापी नाही, टाके नाहीत, जेवणाच्या सुट्टीत येऊन जा. पुन्हा तरुण व्हा. एखाद्या जाहिरातीत नवऱ्याच्या सुखाचाही उल्लेख असतो. म्हणजे हा सारा खटाटोप कोणासाठी, तेही ठरवून दिलेले!

जेवणाच्या सुट्टीत! महाडच्या बाजारात रानभाजीची पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईला कसली आली आहे जेवणाची सुट्टी? उमरठ, देवळे, वाकण या बाजूंनी पोलादपूरला येणारी बाई एसटीच्या वेळेवर येते आणि एसटीच्या वेळेवर परत जाते. मध्ये दवाखाना, बाजार, बँक आणि झालेच तर नातवाचे औषध. तिच्यासाठी ही जाहिरात लिहिलेलीच नाही. पण दुखणे मात्र तिचेच आहे, आणि सगळी गोम इथेच आहे.

आमचे भांडण जाहिरातीत सांगितलेल्या दुखण्याशी नाही. दुखणे खरे आहे. इतके खरे की ते दुखणे आहे हे मोठ्याने म्हणायला कोणीतरी यंत्र विकायला यावे लागले, याचाच आम्हाला राग आहे.

आपल्याकडे बायकांची पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते. अंगातले इस्ट्रोजन हे संप्रेरक कमी होते. योनीमार्गाचे आतले अस्तर त्याच्यावर पोसलेले असते. ते पातळ पडते, कोरडे होते, त्याचा लवचीकपणा जातो. तिथली नैसर्गिक आम्लता कमी होते. ती आम्लता राखणारे चांगले जंतू घटतात आणि नको त्या जंतूंना वाव मिळतो. लघवीचा मार्ग त्याच शेजारचा, त्यालाही इस्ट्रोजन लागते. म्हणून जळजळ, खाज, संबंधाच्या वेळी वेदना, कधी जरा घासले तरी रक्त, लघवीला वारंवार जावे लागणे, लघवीला जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होणे, असे सगळे एकत्र येते. अंगातून गरम वाफा निघणे, घाम फुटणे हे त्रास बहुतेकींचे काही वर्षांनी ओसरतात. हा त्रास मात्र उपचार न केल्यास सहसा आपोआप जात नाही, वयाबरोबर वाढतो. डॉक्टरांच्या पुस्तकात याला पूर्वी योनीचा 'ऱ्हास' म्हणत. २०१४ साली पाश्चात्त्य तज्ज्ञांच्या संघटनांनी त्याचे नाव बदलून रजोनिवृत्तीचा जनन-मूत्रमार्गीय लक्षणसमूह असे काहीसे लांबलचक ठेवले. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण एक बरे झाले: लघवीचा त्रास आणि 'तिथला' त्रास हे एकाच कारणाचे आहेत, हे त्या नावात आले.

आमच्या बायकांना हे नाव ठाऊक नाही. त्यांच्याकडे त्यांची नावे आहेत. "आग पडते", "मिरची लागल्यागत होतं", "लघवीला बसलं की चावतं". बैठकीत हा विषय काढला की आधी हशा होतो, पदर तोंडाला जातो. मग एखादी वयाने मोठी बाई म्हणते, "आता कशाला गो त्याचं? पाळी गेली, सुटलीस तू." आणि बैठक उठल्यावर तीच मावशी मागे रेंगाळते. चपला शोधायचे निमित्त करून हळूच विचारते, "ताई, त्याला काय औषध असतंय काय?"

या प्रश्नाला इथल्या जगण्याचा संदर्भ आहे, आणि तो जाहिरातीतल्या बाईला नाही. आपल्या तालुक्यांत पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मे मध्ये वरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी डोक्यावरून आणायचे म्हणजे प्यायचे बेताने, धुवायचे त्याहून बेताने. बाजारात, शेतावर, प्रवासात आडोसा नाही, म्हणून लघवी दाबून धरायची. लावणीच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात ओणवे, अंगावर ओले लुगडे किंवा साडी, आणि तीच दिवसभर अंगावर वाळायची. आधीच पातळ पडलेल्या अस्तराला हे सगळे सोसावे लागते. त्यात कोणीतरी सांगते, डेटॉल टाकून धू. बाई बिचारी धुते आणि आग दुप्पट होते.

दुसरा संदर्भ पुरुषांचा. महाड-पोलादपूरच्या घराघरांतून पुरुष मुंबईला गेले. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी हॉटेलात, कोणी ड्रायव्हर म्हणून. बायकोने गावची शेती, सासूसासरे, गुरे आणि पोरे सांभाळायची. नवरा गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात यायचा. संसाराची तीस वर्षे अशी गेली. मग नोकरी संपते आणि नवरा कायमचा गावी येतो. नेमकी तेव्हा हिची पाळी गेलेली असते. ज्या वयात पहिल्यांदा नवराबायको रोज एका छपराखाली राहू लागतात, त्याच वयात तिला तो स्पर्श नकोसा होतो, कारण तो दुखतो. ती नाही म्हणते. तो म्हणतो, मुंबईला होतो तेव्हा बरी चालत होते, आता काय झाले? कुठे संशय, कुठे शिवीगाळ, कुठे हात उगारणे. आणि बहुसंख्य घरांत काहीच नाही, ती दात आवळून पडून राहते. "आता गणपती आले" म्हणताना एखादीचा चेहरा का पडतो हे आम्हाला कळायला बरीच वर्षे लागावीत, यात नवल नाही. ती सांगणार कोणाला?

नाही म्हणायचा हक्क बाईचा आहे, दुखत असो वा नसो. हे आपल्या मासिकात अनेकदा लिहिले गेले आहे आणि पुन्हा लिहिले पाहिजे. पण हो म्हणायचा हक्कही तिचाच आहे. पन्नाशीच्या बाईलाही जवळीक हवीशी वाटू शकते, हे आपल्या चळवळीतही फारसे कोणी बोलत नाही. तिच्या इच्छेबद्दल बाजार बोलतो आणि आपण गप्प, ही स्थिती बरी नव्हे.

आता हे दुखणे घेऊन बाई गेलीच दवाखान्यात, तर काय होते ते पाहा. बहुतेक वेळा तिला तपासतच नाहीत. "खाज आहे? पांढरे जाते?" असे पडद्यामागून नव्हे, सगळ्या रांगेसमोर विचारतात आणि गोळ्या लिहून देतात. जंतूंच्या गोळ्या, बुरशीच्या गोळ्या, योनीत ठेवायच्या वड्या. जंतू नसताना जंतूंचे औषध दिले की चार दिवस बरे वाटल्याचा भास होतो आणि पाचव्या दिवशी आग पुन्हा तिथेच. बाई दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, तोही तेच लिहितो. एकीने आम्हाला पिशवीभर केसपेपर दाखवले. तीन वर्षांचे होते. त्यातल्या एकावरही आतून तपासणी केल्याची नोंद नव्हती. कोणत्या दवाखान्याचे ते होते हे इथे लिहीत नाही. एका दवाखान्याला नावे ठेवून बाकीचे सुटावेत अशी आमची इच्छा नाही.

हे आजचे नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची कोणती ना कोणती तक्रार निघाली आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्या काळी जगभर त्याची चर्चा झाली. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यापलीकडेही बाईला शरीर असते, हे सरकारला आकड्यांनी सांगावे लागले. त्याला तीन तपांहून अधिक काळ लोटला. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, हे चांगलेच झाले. पण बाळंतपण संपलेल्या बाईचे काय?

आशाताईकडे नोंदवही असते, पात्र जोडप्यांची. पात्र कोण? जिची बायको १५ ते ४९ वयाची आहे ते जोडपे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते, तीही मुख्यतः १५ ते ४९ वयाच्याच बायकांना प्रश्न विचारते. पन्नासावे वर्ष लागले की बाई नोंदवहीतून बाहेर. मूल होऊ शकते तोवर सरकारला तिच्या गर्भाशयाची काळजी, ते थांबले की त्या शरीराशी सरकारचा संबंध संपला. आणि बरोबर त्याच दिवसापासून बाजाराचा संबंध सुरू होतो. सरकारच्या वहीतून जी बाई गळते तिला पकडायला जाहिरात उभीच असते, फक्त तिच्या पदराला पैसे हवेत.

आता या लेसरकडे येऊ. कार्बन डायऑक्साइडचे किंवा अर्बियम नावाच्या धातूचे लेसर असते. त्याची नळी योनीत घालून आतल्या अस्तरावर सूक्ष्म भाजलेले ठिपके उमटवतात. भाजले की शरीर ती जागा भरून काढते, नवे तंतू तयार होतात, रक्तपुरवठा वाढतो, अस्तर जाड होते, असा दावा. चेहऱ्यावरचे व्रण आणि सुरकुत्या घालवायला हे तंत्र आधीपासून वापरात होते. तेच उचलून इकडे आणले. महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने तीन बैठका, आणि पुढे दरवर्षी एखादी. एका बैठकीला हजारोंनी पैसे. दरवर्षी पुन्हा यावे लागणारे गिऱ्हाईक कोणाला नको असते?

सुरुवातीला जे अभ्यास छापून आले ते असे: इतक्या बायकांना लेसर दिले, इतक्यांना बरे वाटले. तुलनेला दुसरा गट नाहीच. अशा दुखण्यात नुसते कोणी नीट विचारले, तपासले, धीर दिला तरी बरे वाटते, हे गावची सुईणसुद्धा सांगेल. म्हणून खरी परीक्षा हवी होती, आणि ती ऑस्ट्रेलियात सिडनीला झाली. सुमारे ९० बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला खरे लेसर दिले. दुसऱ्या गटाला तीच नळी, तेच यंत्र, तसाच सोपस्कार, पण किरण नाममात्र. कोण कोणत्या गटात हे बायकांना माहीत नव्हते. तीन बैठका झाल्या आणि वर्षभर विचारपूस झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये निष्कर्ष 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आले. त्रास दोन्ही गटांत कमी झाला होता, पण दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यातही फरक नाही. पुढे २०२३ साली बार्सिलोनाला स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायकांवर अशीच खऱ्या-खोट्या लेसरची तुलना झाली, तिथेही खरे लेसर खोट्यापेक्षा सरस ठरले नाही.

या अभ्यासातून आम्ही घेतलेला अर्थ थोडा वेगळा आहे. खोटे लेसर मिळालेल्या बायकांनाही थोडे बरे का वाटले? त्यांना कोणीतरी तीन वेळा बोलावले, तपासले, ऐकून घेतले, पुढे वर्षभर विचारले. म्हणजे जे काही मिळाले ते ऐकून घेण्यातून मिळाले असणार. ते द्यायला महागडे यंत्र लागत नाही. एक टेबल, एक पडदा, एक दिवा आणि घाई नसलेली एक डॉक्टरीण लागते.

आणि यंत्र निरुपद्रवी आहे म्हणावे तर तेही नाही. ३० जुलै २०१८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला, की योनी 'टवटवीत' करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अशा यंत्रांना त्या कामासाठी मंजुरी नाही. त्यातून भाजणे, व्रण पडणे, संबंधाच्या वेळी वेदना आणि कायमचे दुखणे मागे लागणे असे प्रकार घडू शकतात. सात कंपन्यांना त्यांनी पत्रे धाडली. मे २०२१ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने सांगितले, की पाळी गेल्यानंतरच्या या त्रासासाठी लेसर फक्त संशोधनातच वापरावे. आपल्याकडच्या जाहिरातीत यातले एक अक्षर तरी कोणी वाचले आहे का? ज्या त्रासावर इलाज म्हणून जायचे, तोच त्रास पदरात पडू शकतो, हे पैसे भरण्याआधी कळायला नको?

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. १९५४ सालचा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आपण बहुधा बुवा-बाबांच्या संदर्भात ऐकतो. त्याला जोडलेल्या रोगांच्या यादीत गर्भाशयाचे विकार आहेत, पाळीचे विकार आहेत आणि 'स्त्रियांचे रोग (सर्वसाधारण)' असाही स्वतंत्र उल्लेख आहे. या रोगांवर इलाज करतो अशी जाहिरात करायला मनाई आहे. कायद्यातली 'औषध' या शब्दाची व्याख्याही गोळी-बाटलीपुरती नाही. शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली कोणतीही वस्तू तीत येते. आमच्या मते लेसरही त्यात बसते. वकील मैत्रिणींनी याचा पाठपुरावा करावा. शिवाय डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आहेत, त्यांनुसार डॉक्टरने जाहिरात करून रुग्ण गोळा करू नयेत. वैदूने स्टॅण्डवर बसून मुळ्या विकल्या तर पोलीस हाकलतात. वातानुकूलित दवाखान्याने तेच केले की त्याला आरोग्यजागृती म्हणतात!

कोणी म्हणेल, महाड-पोलादपूरच्या बाईला लेसर परवडतच नाही, मग तुम्हाला काळजी कसली? काळजी अशी, की याच दुखण्यावर गरीब बाईसाठी वेगळा 'इलाज' तयार असतो, आणि तो म्हणजे पिशवी काढणे. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची कहाणी आठवा. अंगावरून जाते, पोटात दुखते म्हणून गेलेल्या तिशी-पस्तिशीच्या बायकांना कर्करोगाची भीती घालून गर्भाशय काढले गेले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून बाईही तयार झाली. २०१९ साली गाजावाजा झाल्यावर सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड मजूर बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले की पाळी जाण्याचे सगळे त्रास दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात, तेही तिशीत. बीजकोश ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता असते. म्हणजे जळजळीवर उपाय म्हणून गेली, आणि पुढच्या चाळीस वर्षांची जळजळ घेऊन आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. आपल्या जिल्ह्यात त्याचे काय झाले, हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे.

पैसेवालीच्या योनीत लेसर, बिनपैसेवालीच्या पोटावर सुरी. दोघींनाही नुसते नीट तपासले जात नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो होतो. 'पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही' हे त्या वेळचे कारण. बाईच्या शरीराच्या अडचणीवर व्यवस्थेकडे पहिले उत्तर असते ते हत्यार. तेव्हाही तेच होते, आता त्याला प्रकाशाचा झोत जोडला आहे.

मग साधे उत्तर आहे का? आहे, आणि ते कित्येक दशके जुने आहे. पाळी गेलेल्या बाईच्या कोरडेपणावर योनीत लावायचे इस्ट्रोजनचे मलम मिळते. एक ट्यूब काही शे रुपयांत येते आणि बरेच दिवस पुरते. साधारणपणे सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोन वेळा लावायचे. दोन-चार दिवसांत गुण येत नाही, काही आठवडे धीर धरावा लागतो, आणि बंद केले की त्रास परततो. लघवीचा संसर्ग पुन्हापुन्हा होण्याचे प्रमाणही त्याने कमी होते. ज्यांना मलम नको, किंवा ज्यांचा त्रास थोडा आहे, त्यांना संबंधाच्या वेळी खोबरेल तेलानेही आराम पडतो (निरोध वापरत असाल तर मात्र तेल नको, तो फाटतो). साबण आणि डेटॉलने आतून धुणे आधी बंद. इतकी साधी गोष्ट. पण हिची कोणी जाहिरात करत नाही, कारण हिच्यात कोणाचा बंगला होत नाही.

इथे आपल्याच काही मैत्रिणी अडवतील. हार्मोन? आपण नेट-एनच्या इंजेक्शनाविरुद्ध १९८६ पासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलो. १९६० नंतर अमेरिकेत 'कायम स्त्री राहा' म्हणून बायकांना इस्ट्रोजनच्या गोळ्या चारल्या गेल्या आणि २००२ साली तिथल्याच मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजन-प्रोजेस्टिनच्या एकत्र गोळ्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे दिसल्यावर तो अभ्यास मध्येच थांबवला गेला. मग आता आपणच हार्मोनची शिफारस करायची?

हा आक्षेप महत्त्वाचा आहे, पण गोळी आणि मलम एक नव्हे. पोटातून घेतलेले संप्रेरक सगळ्या अंगात फिरते. योनीत लावलेले कमी मात्रेचे मलम मुख्यतः तिथल्या तिथे काम करते, रक्तात अगदी थोडे उतरते. गोळ्यांसाठीचा धोक्याचा चौकटीतला इशारा अमेरिकेत वर्षानुवर्षे मलमाच्या खोक्यावरही छापत राहिले, आणि तो वाचून कित्येक बायकांनी ट्यूब न उघडता फेकून दिली. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या प्रशासनाने तो इशारा काढण्याचे जाहीर केले. मधल्या काळात घाबरलेल्या बायकांना कोण भेटले? लेसरवाले. 'हार्मोन नाही, म्हणून सुरक्षित' हेच तर त्यांचे मोठे घोषवाक्य! आपली सावधगिरी त्यांनी आपल्याच विरुद्ध विकली. कंपन्यांवर अविश्वास हवाच, पण तो पुरावा पाहून हवा. ज्या कसोटीवर आपण नेट-एन घासले, त्याच कसोटीवर मलम आणि लेसर दोन्ही घासून पाहू. कोण उतरते ते दिसतेच आहे. फक्त स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईने मलम स्वतःच्या मनाने लावू नये, तिच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. आणि पाळी पूर्ण थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी डागभर दिसले, तरी मलम नाही, लेसर नाही, घरगुती काही नाही, आधी तपासणी. तो कर्करोगही असू शकतो.

आता मागायचे काय, ते ठरवू. सरकारचा एक कार्यक्रम असा आहे की ज्यात पन्नाशीपुढची बाई मोडते. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी. त्यासाठी बाईला टेबलावर घेऊन, दिवा लावून आत पाहावेच लागते. मग त्याच वेळी अस्तर कोरडे पडले आहे का हे पाहायला आणि 'आग होते का?' एवढे विचारायला किती वेळ लागतो? एक मिनिट. ती ओळ तपासणीच्या कागदावर असली पाहिजे. मलम प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळाले पाहिजे. महाडच्या आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी, किती ते किती बसणार, याची पाटी बाहेर लागली पाहिजे. अलिबागला जा हे उत्तर चालणार नाही. दिवसभराची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून जळजळ दाखवायला अलिबागला कोणती बाई जाणार आहे? आशाताईंच्या वहीत पन्नाशीनंतरच्या बायकांसाठी पान हवे, आणि त्या कामाचा त्यांना मोबदलाही हवा. फुकट राबवून घ्यायला आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर टाका, असे आम्ही म्हणत नाही. आणि खाजगी शुश्रूषागृहांत दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावणे राज्याच्या २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे, ती भिंतीवर दिसली नाही तर विचारा.

महाडला दर २५ डिसेंबरला आपण भारतीय स्त्री मुक्ती दिन पाळतो. १९२७ च्या मार्चमध्ये इथे चवदार तळ्याचे पाणी सार्वजनिक आहे की नाही हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला, आणि डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेच्या वेळी ते बायकांशी स्वतंत्र बोलले. बायकांनी कसे नेसावे, कसे राहावे, ताठ कसे उभे राहावे, इतके बारीकसारीक बोलले. शरीर आणि मान वेगळे नाहीत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. येत्या २५ डिसेंबरला भाषणे आटोपशीर ठेवावीत आणि एक तास या विषयाला द्यावा, अशी आमची सूचना आहे. पुरुष कार्यकर्त्यांनी तेवढा वेळ चहाची व्यवस्था पाहावी.

तोवर एक काम प्रत्येकीने करावे. घरातले जुने केसपेपर शोधून ठेवा, आपले आणि सासूचेही. 'आग', 'खाज', 'लघवीची जळजळ' अशा तक्रारी कितीदा लिहिल्या आहेत, आतून तपासल्याची नोंद किती वेळा आहे आणि गोळ्या कोणत्या दिल्या, एवढे तीन रकाने एका वहीच्या पानावर काढा. नावे लिहायची नाहीत, फक्त गाव आणि वय. बिरवाडी, नाते, विन्हेरे, दासगाव, कापडे, सवाद, देवळे. प्रत्येक बाजूने पाच-पाच पाने आली तरी आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायला पुरेशी होतील. गणपतीच्या आधी ती जमा करायची आहेत, कारण गणपतीनंतर लावणीतून आणि पाहुण्यांतून मोकळी झालेली बाई थेट दवाखान्याच्या रांगेत दिसते, आणि तेव्हा तिथे मलम असायला हवे.